लॉर्न हागेनचा मंगळवार

लॉर्न हागेनला कसं काय म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं. तसं बरंय. गारपिटीनं मसूर भुईसपाट झाला तरी तसं बरंय, ट्रॅक्टरखाली पायाचा अंगठा चेंगरला तरी तसं बरंय. त्याचा बाप वारला त्या दिवशी मी भेटायला गेलो, तर हा अंगणात बर्फ ओढत होता. मी विचारलं, हा तसं बरंय म्हणाला, आणि दुसरं फावडं माझ्या हातात दिलं. आमच्या सस्कॅचेवानच्या माळावर माणूस कमीच बोलतो, त्यात नवल नाही. पण लॉर्नच्या शेजारी उभं केलं तर आम्ही बाकीचे सगळे भाटच म्हणायचे.

अंगानं बाभळीच्या फोकासारखा उंच आणि वाळका, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली टोपी. घर खाली ओढ्याच्या दरीत. आज्यानं नॉर्वेहून येऊन वाऱ्याला भिऊन तिथं घर बांधलं. वारा लागला नाही, पण पुढं मोबाइल फोन निघाले तेव्हा तेही लागले नाहीत. दरीत फोन म्हणजे नुसता आरसा.

ह्या माणसाची बायको व्हर्ना. शाळेची बस चालवायची. आवाज असा, की बसच्या मागच्या बाकावरचं पोर पुढून हाक मारल्यावर जागेवर बसायचं. दोघांचा संसार तीस-बत्तीस वर्षांचा. पोरगी लग्न होऊन लांब गेलेली. तर ही व्हर्ना ह्या वर्षी पेरणी उरकल्यावर घर सोडून गेली.

पेरणी उरकल्यावर, हे ध्यानात घ्या. आमच्यातली बाई पेरणीच्या ऐन भरात नवरा सोडत नाही. तिनं पेरणीभर शेतावर जेवणाचे डबे नेले, बी भरायला ट्रक चालवला, शेवटच्या दिवशी भांडी घासली, फ्रीजरमध्ये महिनाभर पुरतील एवढे मांसाचे आणि बटाट्याचे डबे भरून ठेवले आणि स्विफ्ट करंट शहरात बहिणीकडं जाऊन राहिली.

कारण काय, ते गावाला माहीत नव्हतं. मला पुढं कळलं, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

हिवाळ्यात कोठारातून गहू काढताना लॉर्नच्या छातीत कळ आली. बायकोला काय सांगितलं? ट्रॅक्टरचा भाग आणायला चाललोय. स्वतः गाडी चालवत स्विफ्ट करंटच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, हृदयाच्या शिरेत जाळी बसवली. ह्यानं घरच्या तारेच्या फोनवर कळवलं, की भाग उद्या यायचाय, मुक्काम करतो. घरी आला, गोळ्या हत्यारांच्या पेटीत लपवल्या आणि पुन्हा कामाला लागला.

पण शेजारच्या खाटेवर गुडघ्याच्या दुखण्यानं पडलेला होता आमच्याच गावच्या एडना प्रॉक्टरचा नवरा. पुढं कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या सामन्यांना बायका बर्फाच्या मैदानाशेजारच्या स्वयंपाकघरात राबत होत्या. तिथं सगळ्यांदेखत एडनानं विचारलं, "व्हर्ना, लॉर्नची छाती कशी हाय गं आता?"

व्हर्नाच्या हातात बर्गरचं ताट होतं. काय बोलणार? म्हणाली, तसं बरंय.

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिथंच तिचं मन उठलं. नवरा मरता मरता वाचला हे तिला एडनाकडून कळावं, आणि वर आपणच त्याच्यासारखं बोलून झाकावं. पेरणी होईस्तोवर तिनं दम धरला. जाताना लॉर्नला सांगितलं, की ऑक्टोबरपासून शहरात एक खोली भाड्यानं मिळतीय. तोवर तुझ्या तोंडाला पाझर फुटला तर बघू. रेजायना शहरात एक बाई आहे, मिरेल नावाची, नवरा-बायकोची घडी बसवते. फोनवर दिसते आणि बोलते. दर मंगळवारी दुपारी तू तुझ्या जागी, मी माझ्या जागी, ती तिच्या जागी. आलास तर ठीक, न्हाईतर खोली.

लॉर्न कबूल झाला. आता प्रश्न जागेचा. दरीत फोन लागत नाही. गावातल्या वाचनालयात लागतो, पण वाचनालयासमोर लॉर्नचा ट्रक उभा दिसला, की सांजच्याला गाव विचारणार, लॉर्न कधीपासून वाचायला लागला? म्हणून त्यानं चर्चच्या टेकडीची जागा निवडली. चर्च कधीच मोडून गेलंय, वर नुसतं कब्रस्तान आणि फाटकापाशी रस्त्याची कड. माणूस नाही काणूस नाही, फोन मात्र लख्ख लागतो.

इथंच तो चुकला. जन्मभर दरीत राहिलेल्या माणसाचा हिशेब तो. टेकडीवरून आपल्याला सगळं दिसतं एवढं त्याला ठाऊक. सगळ्यांना आपण दिसतो, हे डोक्यात आलं नाही. सपाट मुलूख आमचा. त्या टेकडीवर ससा बसला तरी दोन गावं म्हणतात, ससा बसलाय.

त्यात आमच्याकडं रीत अशी, की रस्त्याकडेला थांबलेल्या गाडीवरून कुणी तसंच पुढं जायचं नाही. हिवाळ्यात अशी गाडी म्हणजे आत माणूस गोठायला लागलेला. म्हणून बारा महिने थांबायचं, काच खाली करायची, विचारायचं. वैऱ्याची गाडी असली तरी. न थांबता गेलेल्या माणसाला गाव दहा वर्षं विसरत नाही.

पहिल्या मंगळवारी ओरेस्ट ह्रिन्कीव थांबला. लॉर्नच्या बांधाला बांध असलेला, पोटानं सुटलेला, जिभेनं त्याहून सुटलेला. लॉर्न म्हणाला, इंजिन तापलंय, निवतंय.

पुढच्या मंगळवारी हटराइट पंथाच्या वस्तीची गाडी आली. ती माणसं एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी, आणि मदतीलाही एकत्रच उतरणारी. काळ्या कपड्यातले सहा-सात दाढीवाले खाली उतरले. इंजिन तापतंय ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच होती. लॉर्न फोन पालथा घालतोय तोवर झाकण उघडून पंख्याचा पट्टा बदलूनसुद्धा झाला. जुना पट्टा चांगला होता. तोही त्यांनी पुसून त्याच्या हातात दिला.

आता इंजिनाचं निमित्त गेलं. म्हणून पुढं एडना आली तेव्हा तो म्हणाला, मसुरावर रोग पडलाय का बघतोय. एडना म्हणाली, तुझा मसूर टेकडीच्या पलीकडं हाय, तू तोंड करून बसलायस कबरींकडं. मग तिनं त्याला थर्मासातली कॉफी आणि बेरीचे मफिन दिले, आणि तो ते खाईस्तोवर काचेला टेकून उभी राहिली.

दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. इंजिन, मसूर, कबरी. ओरेस्टचं म्हणणं, पवनचक्कीवाल्यांना जमीन विकतोय, वारा मोजत बसतो. दुसरं कुणी म्हणालं, बापाशी बोलत असंल. जिवंतपणी बोलला न्हाई, आता बोलतोय. मग एडनानं कप खाली ठेवला आणि सांगितलं, की फोन पालथा घालायच्या आत तिला त्यावर एक बाई दिसली. तरणी, कुरळ्या केसांची.

व्हर्ना गेलेली, लॉर्न टेकडीवर, फोनात तरणी बाई. ओरेस्ट म्हणाला, "मायला, बोलत न्हाई म्हणून बायको गेली, आणि ही कुठली बाई आवडीनं ह्याचं गप बसणं ऐकतीय?"

मी तालुक्याच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर चालवतो. लांबलचक पात्याचं यंत्र, खडी सारखी करत जायचं. वेग म्हशीच्या चालीचा, त्यामुळं मला सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ दिसतं. खरं सांगायचं तर मला त्या बाईचं काही वाटत नव्हतं. मला नवल ह्याचं, की लॉर्न तासभर करतो काय? मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याच्याजवळचं सगळं बोलणं एकत्र केलं तरी तास भरायचा नाही. मग त्या मंगळवारांना मी चर्चच्या टेकडीचा रस्ता ओढायला लागलो. एकदा वर, एकदा खाली. तालुक्यात बाकी रस्त्यांवर गाड्या भांड्यांच्या दुकानासारख्या खडखडत होत्या आणि टेकडीचा रस्ता पोळपाटासारखा झाला होता. तरी यंत्राच्या आवाजात काय ऐकू येणार? काचेमागं लॉर्नची टोपी तेवढी दिसायची, कधी हलणारी, बहुतेक वेळा न हलणारी.

मसुराची कापणी तोंडावर आली, तेव्हाच्या एका मंगळवारी मी ग्रेडर उतारावर उभा केला आणि पायी वर गेलो. रीतच होती ना, थांबून विचारायची. उकाड्यामुळं ट्रकच्या काचा खाली होत्या. स्टिअरिंगच्या वर फोन अडकवलेला, त्यात तीन चौकटी. एकीत लॉर्न स्वतः, एकीत कुरळ्या केसांची पोरगी, आणि तिसरीत, शिवणयंत्राच्या शेजारी बसलेली व्हर्ना.

म्हणजे ती बाई चोरटी नव्हतीच. मी दारापाशी पोचलो होतो, मागं फिरता येईना. लॉर्ननं मला बघितलं. मी सवयीनं विचारलं, "काय रं लॉर्न, बरंय न्हवं?"

"तसं बरंय," लॉर्न म्हणाला. "कोल्हा बघतोय."

फोनातून व्हर्नाचा आवाज आला, बसच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा. "मिरेल, बघितलंस? हेच. आता ह्यात कोल्हा कुठनं आला?"

लॉर्नचा हात फोन पालथा घालायला गेला. मिरेल म्हणाली, "लॉर्न, थांबा जरा. फोन असू दे तसाच. बाहेर कोण आहे?"

"मर्व्ह हाय. ग्रेडरवाला."

"मर्व्हना खरं सांगितलंत तर काय होईल?"

लॉर्ननं जरा विचार केला. "त्याला कळंल."

"मग?"

"मग समद्यांना कळंल. तो मर्व्ह हाय."

हे मला लागलं, पण खोटं नव्हतं.

"मग?" मिरेलनं पुन्हा विचारलं. घाई नाही, टोमणा नाही. एखादं वासरू चिखलात रुतलं तर दोर हळूहळू ताणावा तसं.

लॉर्न समोर कबरींकडं बघत बसला. मी पाय बदलला. शेतात नाकतोडे उडत होते त्याचा आवाज येत होता. व्हर्नासुद्धा गप्प होती, आणि तिला गप्प बसणं किती जड जातं हे मला माहीत आहे. शेवटी लॉर्न म्हणाला, "मग... काय न्हाई. मग कळलेलं असंल."

आणि माझ्याकडं न बघताच, समोरच्या काचेतनं बघत त्यानं सांगून टाकलं. गव्हाचा भाव सांगावा त्या आवाजात. "व्हर्ना गेलीय, मर्व्ह. हिवाळ्यात माझ्या छातीत दुखलं, जाळी बसवली. तिला सांगितलं न्हाई, म्हणून गेलीय. ही बाई आमचं जमतंय का बघतीय. इंजिन न्हाई, मसूर न्हाई, कोल्हा न्हाई."

एवढं सगळं एकदम ऐकायची सवय कुणाला आहे? तोंडाला आलं ते विचारलं, की छाती आता कशी हाय.

तो "तसं..." म्हणाला आणि अडकला. पुढचा शब्द तोंडात येऊन थांबलेला मला दिसला. मग तो म्हणाला, "कोठाराची शिडी चढलो की दम लागतो. गोळ्या घेतो. आडवं झालं की भ्या वाटतं. उजव्या कुशीवर झोपतो, डाव्या कुशीवर झोपलो तर बंद पडंल असं वाटतं. पण डाव्या बाजूला व्हर्ना असायची. म्हणून ती होती तवाबी तिच्याकडं पाठ करून झोपायचो. तिला वाटलं असंल, रागानं."

फोनात व्हर्नानं तोंडावर हात ठेवला. रडली नाही. ती रडणारातली नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, माझा कंटाळा आलाय. हिवाळाभर मी तुझी पाठ बघितली, लॉर्न."

"व्हय," लॉर्न म्हणाला. आणि मग, "आता तू जा, मर्व्ह."

मी उतरत होतो तेव्हा खालच्या रस्त्यावर धूळ दिसली. ओरेस्टचा ट्रक. तो येणार, थांबणार, काच खाली करणार, पोट दारावर टेकवून अर्धा तास बोलणार. दोन मिनिटांपूर्वी लॉर्नचं तोंड पहिल्यांदा उघडलं होतं. मी ग्रेडरवर चढलो आणि यंत्र रस्त्यावर आडवं लावलं. पातं ह्या खंदकापासून त्या खंदकापर्यंत. तालुक्याचा माणूस रस्ता कधीही बंद करू शकतो, कारण विचारायचं नसतं.

ओरेस्टनं विचारलं. मी म्हणालो, "लॉर्न वर बायकोशी बोलतोय."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या. व्हर्ना हाय फोनावर. ती कुरळी पोरगी दोघांच्या मधली हाय, जमवायला बसलीय."

ओरेस्टनं टोपी मागं सरकवली. म्हणजे पवनचक्की न्हाईच का, असं त्याच्या तोंडावर होतं. मग त्यानं विचारलं, "लॉर्न बोलतोय? एवढा वेळ?"

"तीस वर्षांचं तुंबलंय, गड्या."

तो बराच वेळ टेकडीकडं बघत राहिला. मग म्हणाला, की त्याची बायकोसुद्धा हल्ली जेवताना रेडिओ लावते. ट्रक मागं घेतला आणि लांबच्या रस्त्यानं गेला.

दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. लॉर्ननं माझ्याबद्दल सांगितलं होतं, ते मी खोटं पाडलं नाही. पण कॉफीच्या टेबलावर लॉर्न आला तेव्हा कुणी ब्र काढला नाही. हवामान निघालं, मसुराचा भाव निघाला. एडनानं न विचारता त्याच्या कॉफीपुढचं दाट दूध बाजूला घेतलं आणि पातळ घातलं, एवढंच. आणि पुढच्या मंगळवारी मी बघितलं, की टेकडीवरनं गाड्या जातात, पण थांबत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा आमची माणसं थांबलेली गाडी सोडून पुढं जात होती. हटराइटांची व्हॅनसुद्धा. उलट जवळ आलं की सगळे वेग इतका कमी करायचे, की उघड्या काचेतून त्याच्या अंगावर धूळ जाऊ नये.

कापणीच्या दिवसांत एक मंगळवार चुकला नाही. ऐन उन्हात कापणीयंत्र शेतात उभं करून लॉर्न टेकडीवर जायचा. हे आमच्यात केवढं आहे ते शेतकऱ्यालाच कळेल. कोरडं पीक उभं आहे, आभाळ स्वच्छ आहे, आणि माणूस यंत्र बंद करून बायकोशी बोलायला जातोय. अंत्ययात्रेलासुद्धा आमच्यात उन्हाचे दिवस मोजून जातात.

सप्टेंबराच्या शेवटी टेकडीवर दोन गाड्या दिसल्या. लॉर्नचा ट्रक आणि व्हर्नाच्या बहिणीची निळी गाडी. एकीचं तोंड पूर्वेला, एकीचं पश्चिमेला, दोन्ही चालकांच्या काचा समोरासमोर, मध्ये हातभर अंतर. शेतावर भेटल्यावर आम्ही असेच बोलतो, कुणी खाली उतरत नाही. दोघांच्या हातात आपापला फोन. म्हणजे हातभर अंतरावर बसून दोघं रेजायनाच्या त्या पोरीमार्फत बोलत होते. मला हसू आलं. मी ग्रेडर दुसऱ्या रस्त्याला वळवला. काय बोलत होते ते ऐकायला मी एक बोट तोडून दिलं असतं, पण वळवला.

खोलीचं काय झालं, हे मला व्हर्नाकडून कळलं, कर्लिंगचा हंगाम सुरू झाल्यावर. ती स्वयंपाकघरात कांदे कापत होती. मी सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं. टेकडीवर लॉर्न बोलला तेवढ्यानं ती परत आली नाही. बोलणं एक दिवसाचं असतं, ती म्हणाली, माणूस एक दिवस काहीही बोलतो. पण पुढं डॉक्टरांकडं जायची वेळ आली तेव्हा हा दवाखान्याच्या रस्त्याला न वळता आधी बहिणीच्या दारात आला. तिला म्हणाला, तपासणी हाय, चल. आत डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणता, लॉर्न? तर ह्यानं सवयीनं व्हर्नाकडं बघितलं, की ती सांगंल. तिनं पर्स मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग त्यानंच सांगितलं. सगळं. शिडी, कूस, भ्या. वर त्या डॉक्टराला विचारलं, की बायकोकडं तोंड करून झोपलं तर चालंल का. डॉक्टर तरणा होता, लाजला."

खोलीवाल्याला तिनं त्याच दुपारी नको म्हणून कळवलं. घरी आली. पण पुरती आली नाही. दर बुधवारी ती बहिणीकडं जाते, रात्र काढते, गुरुवारी येते. आणि मंगळवार चालूच आहे. आता मिरेल महिन्यातून एकदाच दिसते, त्या दिवशी दोघं एकाच ट्रकातून टेकडीवर जातात. इतर मंगळवारी नुसते जाऊन बसतात.

मी म्हणालो, "व्हर्ना, जमलंय न्हवं आता? मग बुधवार कशापायी?"

ती कांदा कापायची थांबली नाही. "पुरी आले, तर तो पुन्हा गप बसंल, मर्व्ह. एक दिवस मी नसले, की मी यायच्या आत काय काय सांगायचं ते तो गोळा करून ठेवतो. गुरुवारी मी दारात गाडी लावायच्या आत बाहेर येऊन उभा असतो."

"आणि काय सांगतो?"

व्हर्नानं सुरी खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं, आणि बर्गरचं ताट उचलून बाहेर घेऊन गेली.